आबांनी आणलेला फेटा
मला काही लिहिता येतं असं नाही, तरी हे धाडस करतो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. डांबरगोळ्यांचा वास आला की मला नगरच्या कॉलेजातलं पहिलं गॅदरिंग आठवतं. एका जुन्या पौराणिक नाटकात मी राजा होतो, पण सरांनी ते आजच्या कपड्यांत बसवलं होतं. आमच्या काष्टी गावाकडे जत्रेच्या नाटकात राजा होणाऱ्याला बाप स्वतःच्या हाताने फेटा बांधतो, म्हणून माझे वडील, आबा, ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलेला आपल्या लग्नातला गुलाबी फेटा घेऊन दुपारच्या एसटीने आले. मी पँट-शर्ट आणि टाय घालून पडद्यामागे उभा होतो. "डोकं वाकीव," आबा म्हणाले. मुलं बघत होती. मी म्हणालो, "इथं फेटा नसतो आबा. तुम्ही जाऊन बसा." पडदा वर गेला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो राजा हाय का तलाठी?" सगळा मंडप हसला. तेव्हा आबा फेटा छातीशी धरून उठले. "हसताय काय? राजाच हाय त्यो! माझा ल्योक हाय!" हशा आणखीच वाढला. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर मित्रांनी विचारलं तेव्हा "गावाकडचे कुणीतरी" असं म्हणालो, आणि बाहेर आलो तोवर आबा परत गेले होते. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. यंदा आबा वारले. दहाव्याला चुलते मला म्हणाले, "तुझं नाटक बघून आला तवा गावभर सांगत हुता, पोराला म्या माझ्या हातानं फेटा बांधला, लई शोभला."