उजव्या बाजूचं छत

सासूबाई गेल्या आणि वर्षाच्या आत ह्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्या नऊ वर्षांत मी पनवेलबाहेर दोनदा गेले, तेही लग्नांना, संध्याकाळच्या आत परत. "तू फार अडकलीस, आता तुला सगळा देश दाखवतो," हे म्हणाले. येतेस का, असं विचारलं नाही. बसमध्ये बेड बसला, ओटा बसला, छोटंसं बाथरूमही झालं. खांदा कॉलनीतला आमचा फ्लॅट वर्षभर भाड्याने द्यायचं ठरलं आणि भाडेकरूही लगेच मिळाले. पुढच्या महिन्यात निघायचं होतं.

आणि मला जायचं नव्हतं. इतक्या वर्षांनी घर माझ्या हाती आलं होतं. सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसावं आणि आतून कोणी हाक मारू नये, एवढंच मला हवं होतं. पण माणूस आपल्यासाठी इतका राबतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? कोणी वाईट वागलं तर भांडता तरी येतं. ह्यांच्या चांगुलपणाने माझी बोलतीच बंद झाली होती.

शेवटचं काम उरलं होतं ते गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छताचं. ते गुंडाळीचं छत तोलायला गाडीच्या भिंतीवर दोन लोखंडी ब्रॅकेट बसवायचे होते. कळंबोलीच्या ज्या फॅब्रिकेटरने ते बनवले त्याने बजावलं होतं, "आतून पट्टी लावल्याबिगर बोल्ट कसू नका. पत्रा पातल हाय, वाऱ्यान सगला फाटल." म्हणजे एकाने बाहेरून बोल्ट घालायचा आणि दुसऱ्याने आतून पट्टी लावून नट धरायचा. तो दुसरा म्हणजे मी, हे सांगायला नकोच.

रविवारी सकाळी कामाला लागलो. सोसायटीत जागा कमी, म्हणून गाडी डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून उभी असते. डावीकडचं मुख्य दार त्यामुळे उघडतच नाही; आम्ही ड्रायव्हरच्या दाराने आत चढतो. मीही तशीच चढले, बेडवर गुडघे टेकले आणि भिंतीवरच्या कपाटात डोकं आणि दोन्ही हात घातले. बोल्ट नेमके तिथेच येणार होते. आत नव्या प्लायवूडचा वास कोंडला होता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

हे बाहेर टेप लावून, लेव्हल बघून पेन्सिलने खुणा करत होते. मोजमापात ह्यांचा हात धरणारं कोणी नाही. एका खुणेवर टकटक करून ह्यांनी विचारलं, आतून बरोबर येतंय का. मी अंदाज घ्यायला मान बाहेर काढून वळवली आणि समोरच्या भिंतीत मला ते न उघडणारं दार दिसलं.

छताखाली खुर्च्या टाकायच्या त्या दाराबाहेर. आणि ह्यांनी छत लावायला घेतलं होतं उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. हायवेवर कुठे थांबलो असतो तर ते थेट येणाऱ्या ट्रकवर उघडलं असतं. कित्येक महिने गाडीची ही एकच बाजू मोकळी होती, सगळं काम इथूनच झालं, त्यामुळे ह्यांच्या लेखी गाडीला दुसरी बाजू उरलीच नव्हती.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. चुकीच्या बाजूला भोकं पडली की गाडी कळंबोलीला न्यावी लागणार, पत्रा बदलावा लागणार, पंधरा दिवस तरी जाणार. पंधरा दिवस म्हणजे माझ्या पंधरा सकाळी. "येतंय बरोबर," मी म्हणाले.

ड्रिल सुरू झालं. पत्र्याचा कीस माझ्या केसांत पडत होता. मला लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. तीन बोल्ट कसून झाले, चौथं भोक पडलं आणि हे सावली कुठे येईल ते बघायला खुर्ची घेऊन आले. खुर्ची मांडल्याचा आवाज आला. मग ह्यांची पावलं गाडीमागून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेली आणि हळूहळू परत आली. चौथ्या भोकातून, माझ्या कानाशी, ह्यांचा आवाज आला.

"अगं, दार तिकडे आहे."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या भोकाच्या आधी."

खुर्ची मिटल्याचा आवाज आला. मग, "बोलली का नाहीस?"

"मला यायचं नाहीये," मी म्हणाले. पट्टी अजून हातातच होती. "मला घरी राहायचंय. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

इतकं सरळ मी ह्यांच्याशी लग्नापासून बोलले नव्हते. मध्ये पत्रा होता म्हणून बोलले. हे चिडतील असं वाटलं होतं; चिडले असते तर सोपं गेलं असतं.

"सगळं तुझ्यासाठीच केलं गं," हे म्हणाले. आणि मग, "बाहेर ये. समोरासमोर बोलू."

ड्रायव्हरचं दार उघडं होतं, चार पावलांवर. पण ह्यांचा चेहरा दिसला की मी "बरं, जाऊ या" म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी कपाटातून डोकं बाहेर काढलं नाही. हे बाहेर वाट बघत उभे होते आणि मी आत तशीच बसून होते.