बेशरमाचं तिकीट

पाकिटावरची तिकिटं डब्यात साचतात, तसे किस्से डोक्यात साचतात. एक काढायला जावं तर दुसरा चिकटून येतो. आम्ही तिघं दर रविवारी सकाळी मनीषनगरात निखाडे गुरुजींच्या वऱ्हांड्यात बसतो. गुरुजी निवृत्त शिक्षक, लोखंडे भाऊ कोळशाच्या खाणीतले, मी चौथी शिकलेला विणकर. तिघंही पोस्टाची तिकिटं जमवतो, फक्त रानफुलांची. का, ते तिघांनाही नीट सांगता येत नाही.

*

सुरुवातीला मी तिकिटं वहीत तांदळाच्या खळीने चिकटवली. जन्मभर सुताला खळ लावली, हाताला तेच ठाऊक. पंधरा दिवसांत झुरळांनी वही खाल्ली. गुरुजी भिंगातून बघत म्हणाले, "बाबुराव, पांढरी फुलं बरी उरली."

"ते भोकं आहेत, गुरुजी," लोखंडे म्हणाले.

*

एका तिकिटावरून वाद झाला. गुरुजी म्हणाले, हे फूल बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर आहे. वही आणि भिंग घेऊन तिघं गवतात वाकलो. चौकीदार धावत आला. "प्लॉट पाहून राहिले का साहेब?"

"फुलं पाहून राहिलो गा."

तो जरा विचारात पडला. "काळजी नका करू. सारी उपटून देतो, प्लॉट साफ भेटन."

*

माझी बायको सुमन खाप्याची. कन्हान नदीकाठी तिच्या माहेराला बेशरमाच्या झुडपांचं कुंपण होतं. गुलाबी-जांभळं फूल, पण शेळीही तोंड लावत नाही. गुडघ्यांनी सुमनला घरात बसवलं, खापा सुटलं. एकदा वही चाळून म्हणाली, "सारी फुलं आणली जी, माहं बेशरम काहून नाही?"

खापा तिला दाखवता येत नव्हतं. निदान कागदावरचं फूल तरी द्यावं, असं मनाने घेतलं.

रविवारी विचारलं, तर लोखंडे हसले. "बेशरमाचं तिकीट कोणतं सरकार काढन गा? त्यालेच लाज वाटन."

*

कितीतरी रविवार गेले. मग एकदा गुरुजींनी चिमट्याने एक तिकीट पुढे ठेवलं. त्यांच्या भाच्याने परदेशातून पाठवलेलं, कोरं, शिक्का न पडलेलं. बेशरमच!

"हे फूल मूळचं तिकडचंच," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडे पाहुणं आलेलं."

"पाहुणं? सारा नाला धरून बसलं ते," लोखंडे म्हणाले.

गुरुजींनी ते मला दिलं. "हात लावू नका. मागचा गोंद ओला करू नका."

*

सुमन त्या तिकिटाकडे खूप वेळ बघत राहिली. मी बाजारात जाऊन आलो, तर तिकीट नाही.

"कुठं गेलं वं?"

"बहिणीच्या पत्राले लावलं. शेजारीण पोस्टाच्या डब्यात टाकून आली."

"अवं, ते परदेशाचं होतं. इथं चालत नाही."

"काहून? फूल तर खाप्याचंच होतं."

गुरुजी म्हणाले, पत्र परत येईल, तिकीट पाण्यात भिजवून सोडवू. आम्ही तिघं पत्र परत येण्याची वाट बघत बसलो.

आठव्या दिवशी खाप्याहून मेहुणीचा फोन आला. पत्र मिळालं, फुलावर गोल काळा शिक्का आहे. गुरुजींनी माझ्याकडून ते दोनदा विचारून घेतलं.

मी सुमनला विचारलं, हे झालं कसं?

ती म्हणाली, "पोस्टमनले फूल ओळखू आलं जी. त्यात काय."