‘नाही’च्या रकान्यातले माझे सुवाच्य अक्षर

माझ्या पत्नीच्या हृदयविकाराविषयी आमच्या कुटुंबात दोन कथा प्रचलित आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. मुलगा पाहुण्यांना सांगतो, की बाबांनी संशोधनाच्या कामात आईचे दुखणे शोधून काढले. मेहुणे लग्नाच्या पंगतीत सांगतात, की दाजींना घरातली धाप ऐकू आली नाही. खरी हकिगत मला याहूनही कमीपणा आणणारी आहे, म्हणून ती मीच सांगतो. इतरांना माझी नाचक्कीसुद्धा नीट मांडता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यास मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो आणि नाशिकच्या एका हृदयरोगतज्ज्ञांसाठी माहिती गोळा करू लागलो. लहानपणी घशाला संसर्ग होतो, मग ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. सूज उतरते, मूल खेळू लागते, घरचे विसरतात. पण त्याच दाहाने हृदयाची झडप आकसत जाते आणि कित्येक वर्षांनी जिना चढताना धाप लागते. चांदवडकडच्या गावांत मोठ्या माणसांना मी एवढेच विचारायचे, की लहानपणी असे दुखणे झाले होते का, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’च्या रकान्यात नोंद करायची. माझे अक्षर सुवाच्य होते आणि त्याचा मला अवाजवी अभिमान होता.

प्रश्नावली ओट्यावर भरली जाई. सून पदर सावरत दाराशी उभी राही आणि उत्तर सासू देई.

“आमची सून लय धडधाकट हाय, मास्तर. तिला लहानपणी काय बी नाय झालं.”

तुम्ही तेव्हा तिच्या माहेरी होतात का, असे मी विचारायला हवे होते. मी त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक केले.

महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, “सर, पुरुषांत हे दुखणे सापडते आणि बायकांत एकही नाही? माझ्याकडे रांगेत तर बायकाच जास्त असतात.”

“आमच्याकडच्या स्त्रिया मुळातच काटक,” मी म्हणालो.

या प्रसंगी डॉक्टरांनी मला झापले, असे मेहुणे सांगतात. साफ खोटे. त्यांनी फक्त चहा मागवला.

माझा मुद्दा सिद्ध करण्यासाठी मी पंचवटीतल्या घरी बसून पत्नीची प्रश्नावली भरली. ती स्वयंपाकघरात होती. तिला हाक मारण्याचीही गरज मला वाटली नाही. मी ‘नाही’ लिहिले. त्या काळात भाजीबाजारातून येताना ती दोनदा थांबत असे. त्यावर मी तिला पहाटे फिरण्याचा सल्ला दिला होता.

एक निरोगी हृदय ऐकावे, म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. झडप आकसली होती.

“लहानपणी सांधे सुजले होते?” डॉक्टरांनी तिला विचारले.

“नाही. मी स्वतः लिहिले आहे,” मी म्हणालो.

“अहो,” पत्नी म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

मी बाहेर बसलो. आतले बोलणे बरेच लांबले. अकराव्या वर्षी मनमाडला ती कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. चालायला लागताच घरच्यांनी, दुखणे उलटू नये म्हणून चालू असलेली इंजेक्शने बंद केली. हे मला परतताना रिक्षात कळले.

“इतक्या वर्षांत हे मला सांगितले नाहीस?”

“पाहायला आलात तेव्हा तुम्हीच विचारलंत, मुलगी निरोगी आहे ना? बाबा हो म्हणाले. मी काय लग्न मोडायचं?”

“मी लग्न मोडले नसते.”

“मग विचारलंत कशाला?”

या प्रश्नाला मी अद्याप उत्तर तयार करतो आहे. हुंड्याऐवजी प्रकृती विचारली, म्हणून मी स्वतःला सुधारक समजत आलो होतो.

डॉक्टरांनी शिरेतून फुगा घालून तिची झडप रुंद केली. उशीर झाला होता, पण फार नाही. रुग्णालयात मी रडलो, ही मुलाची भर आहे. माझ्या चष्म्यावर धूळ होती.

मग गावांतली सर्व घरे पुन्हा करायची ठरली. या खेपेस आत सुनेशी बोलायला परिचारिका जाई आणि माझ्याकडे ओट्यावर सासूला गुंतवून ठेवण्याचे काम आले. चाळीस वर्षांच्या अध्यापनाचा एवढाच उपयोग उरला होता. एका घरी सासूबाई आत जायला उठल्या. मला काही सुचेना, म्हणून मी पत्नीचेच दुखणे सांगू लागलो. तिने तशी मुभा दिली होती. त्या पुन्हा बसल्या.

“मंग तुमच्यापासून लपवलं व्हय तिनं?”

“नाही,” मी म्हणालो. “मीच तिला लपवायला लावले.”

 त्या आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, “सूनबाई, काय झालं व्हतं ते सांग गं बाई त्या ताईंना. म्या हितंच बसते.”