प्रेस नंबर तीनची पाठकोरी

‘कारखान्याची खरी संपत्ती म्हणजे माणसं’ असा फलक मुलुंडच्या आमच्या कारखान्यात पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस नंबर तीनच्या वर टांगलेला होता. त्याच्याखाली उभे राहून वर्क्स मॅनेजर गोडबोले परब फिटरला सस्पेंड करत होते.

चेअरमन अकराला येणार होते. दहाला प्रेस सुरूच होईना. आदल्या दिवशी तो ओव्हरहॉल केला होता परबनं.

"काल पन्नास पीस काढून बघितले, साहेब. झकास चालत होता."

"मग आज काय, रुसला? उद्यापासून घरी बस."

परबचा चेहरा उतरला. त्याची सोळा वर्षांची नोकरी होती.

मी मेंटेनन्स इंजिनिअर. मला एक खोड होती. रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं मी टाकत नसे. पाठकोऱ्या बाजूवर एका पानाला एकच बिघाड लिहायचा: लक्षण, कारण, उपाय. वर मशीनचा नंबर. पानं बुटांच्या खोक्यात, नंबरवार. गोडबोले विचारत, "अहो, इंजिनिअर आहात की वाणी?"

मी खोकं आणलं. तीन नंबरची अकरा पानं निघाली. सातवं, गेल्या वर्षीचं, मी गोडबोल्यांच्या हातात दिलं.

"मोठ्यानं वाचा ना, साहेब."

"प्रेस सुरू होत नाही. मोटर ठीक. लिमिट स्विच चिकटला. कारण: चेअरमनच्या भेटीसाठी रंगकाम."

लिमिट स्विच म्हणजे प्रेससमोरच्या संरक्षक जाळीच्या कडेचं बटण. जाळी लावली की ते दबतं, मगच प्रेस चालतो आणि कामगाराची बोटं शाबूत राहतात. चेअरमन येणार म्हटलं की हलत नाही ते सगळं हिरवं रंगवायचं, ही आमची प्रथा. बटण रंगवलं की तेही हलत नाही.

परबनं वाकून बटणाला बोट लावलं. बोट हिरवं झालं.

"हे रंगवायला कोणी सांगितलं रे?" गोडबोले गरजले.

"काल माझं काम आटपल्यावर, साहेब. तुम्हीच."

रॉकेलच्या चिंधीनं बटण पुसलं. पावणेअकराला प्रेस धडधडू लागला.

"परबचं काय करायचं?" मी विचारलं.

"कसलं काय? जा रे, हात धू."

तेव्हापासून सांगतो, नोंदीत माणसाचं नाव लिहू नये, कारण लिहावं. नाव बहुधा आपोआप सापडतं.

चेअरमननी खोकं पाहिलं आणि ही पद्धत फार नावाजली. माझ्या नोंदींसाठी त्यांनी गोदरेजसारखं भक्कम कपाट मंजूर केलं. त्याची चावी गोडबोल्यांकडे असे. आत त्यांचा जेवणाचा डबा.