आधी आपलं तोंड

लढाईच्या दिवसांत, रॉकेल कंट्रोलनं मिळायचं तेव्हा, मी घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचो. मिशनच्या दवाखान्यातले कंपाउंडर दर बाजारी तिथं यायचे, तेही फक्त भाजीसाठी. पिशवी शेपू-तांदुळज्यानं फुगलेली आणि हातात गाजर. ते कुरतडतच बोलायचे. ज्याला त्याला ‘पाव्हणं’ म्हणायचे.

“पाव्हणं, ती तंबाखू थुका. रोज पालेभाजी खावा, पेरू खावा. कॅन्सर हुनारच न्हाई असं न्हाई म्हनत मी. पर भ्या लई कमी हुतं.”

आम्ही हसायचो. पाला बैलानं खावा, माणसानं कशाला?

एकदा मी गिऱ्हाइकाला बैलाचा जबडा उघडून दात दाखवत होतो. कंपाउंडरांनी गाजर पिशवीत टाकलं, माझी हनुवटी धरली आणि भर बाजारात माझंच तोंड उघडलं. लोक खिदळले. ते मात्र हसले नाहीत.

“गालात पांढरा डाग हाय. उद्या दवाखान्यात या.”

गेलो. “वेळेवर आलात,” डॉक्टर म्हणाले. तंबाखूची चंची त्याच दिवशी चुलीत गेली आणि भाकरीशेजारी पालेभाजी रोजची झाली.

वर्षानं बाजारात मीच त्यांच्यापुढं जाऊन आ केला. त्यांनी दात, जीभ, दोन्ही गाल नीट पाहिले.

“बोला, काय किंमत येईल?” मी विचारलं.

गाजर मोडून अर्धं माझ्या हातात देत ते म्हणाले, “इकू नगा. अजून लई वर्सं औताला चालंल.”