छापण्याआधीचा शेवट

मर्ना कोझाकच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. कुरिअरवाल्याने दवाखान्याच्या काउंटरवर एक खोकं ठेवलं. मर्नाने सही केली, खोक्यावरचा प्रकाशकाचा शिक्का पाहिला आणि तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. मग तिने नाव वाचलं. नाव केल्सीचं होतं.

"केल्सी," तिने आत वळून हाक मारली, "तुझं काहीतरी आलंय."

काहीतरी म्हणे! खोक्यात काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्या एका खोक्यासाठी तिने प्रकाशकाला इतक्या वेळा लिहिलं होतं की तिथल्या माणसांना तिचं नाव पाठ झालं असेल. उत्तर मात्र एकदाही आलं नाही.

आम्ही तिघी थंडर बे गावातल्या एका दातांच्या दवाखान्यात काम करतो. मर्ना काउंटरवर बसून पेशंटना वेळा देते. मी, ऐला, डॉक्टरांच्या हाताशी असते. केल्सी दात साफ करते. ती आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मागून आलेली. मी पुस्तकं वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी हॉकी बघते, मासे धरते आणि दिवसभर लोकांच्या तोंडात काय चाललंय ते बघते. मला तेवढं पुरतं.

मर्नाला मात्र पुस्तकाशिवाय काहीच पुरत नाही. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसते, इंजिन चालू ठेवते आणि बोटं कापलेले हातमोजे घालून पानं उलटते. सँडविच तसंच मांडीवर पडलेलं असतं. तिचा नवरा ओरेस्ट म्हणतो, "लग्न केलं तेव्हा ही एकटी होती. आता घरात शंभर राजे, चाळीस चेटकिणी आणि एक ड्रॅगन राहतो, आणि भांडी मी घासतो." वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर मर्ना ब्लॉग लिहिते. ब्लॉगचं नाव 'पुढचं कोण?' काउंटरवरून दिवसभर तेच तर ओरडत असते.

तिचा ब्लॉग वाचणारे लोक फार नाहीत, पण जे आहेत ते तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. ट्रुरो गावचे बर्ट म्हणून एक म्हातारे आहेत. बायको गेल्यापासून ते मर्ना सांगेल तेवढंच वाचतात, आणि वाचून झालं की तिला चार ओळी लिहितात. मर्ना त्या ओळी मला काउंटरवर वाचून दाखवायची. दुसऱ्या कोणी कौतुक केलं तर नुसती मान हलवायची. बर्टनी केलं की दिवसभर पेशंटशी गोड बोलायची. कमाई म्हणाल तर तिची तेवढीच.

आणि या सगळ्यात तिचा जीव अडकला होता 'मिठाचा दरवाजा' या मालिकेत. पाच जाडजूड भाग, त्यातला पाचवा अजून यायचा होता. गोष्ट दोन बहिणींची. समुद्रात मिठाचा एक दरवाजा आहे. मोठी बहीण, ओर्वेन, पहिल्या भागातच त्यातून पलीकडे जाते, आणि धाकटी टिल्ला किनाऱ्यावर तिची वाट बघत राहते. ओर्वेन परत येणार की नाही, यावर मर्ना चौदा वर्षं लोकांशी भांडत होती. येणारच, असं तिचं म्हणणं. मधले तीन भाग मला तिने इतके ऐकवलेत की एखादी परीक्षा असती तर मी न वाचता पास झाले असते.

केल्सीला पहिला भाग मर्नानेच दिला होता. "वाच गं, जन्माचं भलं होईल," म्हणून. केल्सीने वाचला, आणि मोबाइल समोर धरून त्यावर एक मिनिटाचा व्हिडिओ केला. मेणबत्ती, मागे पुस्तकं, डोळ्यांत पाणी. दुसरा केला, तिसरा केला. बघता बघता हजारो लोक तिचे व्हिडिओ बघायला लागले. प्रकाशक अशाच लोकांना पुस्तक बाजारात यायच्या आधी पाठवतात, म्हणजे ते आधीपासून हवा करतात. अट एकच: प्रकाशनाच्या दिवसापर्यंत आतलं अक्षर बाहेर काढायचं नाही.

"मी चौदा वर्षं लिहितेय," मर्ना मला औषधांच्या खोलीत म्हणाली. "हिने तीन वेळा नाक पुसलं, आणि पाचवा भाग हिला."

"तूही पूस नाक," मी म्हटलं.

"मला कॅमेऱ्यासमोर रडता येत नाही."

"मग मागे बसून जळ."

ती जळलीच. उन्हाळ्यात दर शनिवारी आम्ही तिघी तळ्यावरच्या माझ्या कॅम्पवर, म्हणजे छोट्या लाकडी घरात, सौना घेतो, गरम वाफेत बसतो. त्या शनिवारी मर्ना वरच्या बाकावर बसून तापलेल्या दगडांवर पाण्यावर पाणी ओतत होती. दगड फुसफुसत होते, श्वास घेणं मुश्कील झालं होतं.

"वाचून झालं?" तिने विचारलं.

"झालं," केल्सी म्हणाली.

"मग?"

"मर्ना, मला बोलता येत नाही. तुला माहितीये."

"मी कुठे काय विचारतेय! रडलीस का, एवढंच सांग."

"तू काय, कशावरूनही काहीही ओळखशील."

मर्नाने आणखी एक डबा पाणी ओतलं. मी म्हटलं, "अगं बाई, तिला वाफवून बोलती करणार आहेस का?" केल्सी हसली. मर्ना हसली नाही.

बाहेर तळ्याच्या धक्क्यावर आलो तेव्हा केल्सीने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मर्नाच्या पुढे धरलं. "हे घे, वाच. खरं तर द्यायचं नसतं. पण तुझ्याशिवाय मी हे वाचलंच नसतं. फक्त तोंड बंद ठेव हं."

पोरीने मनापासून दिलं होतं. तेच मर्नाला झोंबलं. हक्काने यायला हवं ते दान म्हणून आलं की कसं लागतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण हात पुढे झालाच.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या धक्क्यावर खुर्ची टाकून दिवसभर वाचत बसली. घोडेमाश्या चावत होत्या तरी उठली नाही. मी दोन मासे धरले, साफ केले, तळले. जेवायला हाक मारायला गेले तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि मर्ना पाण्याकडे बघत होती. गाल ओले होते. मी काही बोलायच्या आत तिने टॉवेलने तोंड पुसलं.

"कचरा," ती म्हणाली.

"कचरा?"

"ओर्वेन परत येत नाही. पलीकडून दरवाजा लावून घेते. टिल्ला ते बघते आणि घरी जाऊन दिवा लावते. संपलं! चौदा वर्षं आम्ही काय यासाठी थांबलो? नुसती फसवणूक." आणि मासे खाता खाता ती इतकी खुशीत शिव्या देत होती की मला वाटलं, हिला पुस्तक वाईट निघालं याचाच आनंद झालाय. केल्सीच्या ताटात पडलेलं नासकं निघालं, याचा आनंद.

आता तिची चूक सांगते. त्या पुस्तकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: ही छापण्याआधीची प्रत आहे, छापील पुस्तकाशी पडताळून पाहिल्याशिवाय यातल्या मजकुरावर काही लिहू नये. पुस्तकांवर लिहिणाऱ्या लोकांत हा नियम शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मर्नाने स्वतः याच नियमावरून कितीतरी जणांना ब्लॉगवर झापलं होतं. पण तिला या वेळी पहिलं व्हायचं होतं. केल्सीचा व्हिडिओ यायच्या आधी तिचं मत यायला हवं होतं.

"अगं, पाठीवर काहीतरी लिहिलंय," मी काउंटरवर तिला म्हटलं.

"ते होय? काना-मात्रा सुधारतात. शेवट काय बदलणार आहेत!"

प्रकाशन काही महिन्यांनी, थंडी सुरू झाल्यावर, एका मंगळवारी होतं. त्या मंगळवारी सकाळी पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आत मर्नाचा लेख ब्लॉगवर होता. मी वाचला. लेख झणझणीत होता, खोटं कशाला बोला. बंद दरवाजाच्या त्या शेवटच्या प्रकरणाची तिने सालटी काढली होती. मी गुलाबी साखरेचे पर्शियन बन आणले होते. तिने त्यातले दोन खाल्ले आणि पाय हलवत बसली.

दुपारी पाय हलायचे थांबले. लोकांनी पुस्तकं विकत आणून आधी शेवटची पानं उघडली होती आणि मर्नाच्या लेखाखाली लिहायला सुरुवात केली होती. 'कोणता दरवाजा? माझ्या पुस्तकात तर ओर्वेन परत येते.' 'बाई, वाचलंत तरी का?' 'न वाचता शिव्या! एवढी जळता होय?' आणि त्यातच बर्ट. त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'मर्ना, मी आत्ताच संपवलं. तू म्हणतेस ते यात नाही. काय झालं?'

मर्नाने ते वाचलं आणि स्क्रीनवर हात ठेवला, जसा एखाद्याच्या तोंडावर ठेवावा.

केल्सी एक पेशंट संपवून बाहेर आली. मास्क हनुवटीवर ओढत म्हणाली, "मला वाटलं तू छापलेलं वाचून लिहिशील. मर्ना, त्यांनी शेवटचं प्रकरण बदललं. आम्हा आधी वाचणाऱ्यांतल्या खूप जणांनी कळवलं होतं ना."

"तू कळवलंस?"

"हो. तू जे म्हणायचीस तेच लिहिलं. दोघी बहिणी भेटायलाच हव्यात म्हणून. मला वाटलं, तुला आवडेल." मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या पानावर आमचे आभार मानलेत."

मत मर्नाचं. शेवट मर्नाचा. आणि आभार केल्सीचे! मर्ना उठली, कोट न घेता बाहेर गेली. उरलेला दिवस काउंटर मी सांभाळला आणि दोन पेशंटना एकच वेळ दिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला ती गाडीत दिसली. मी शेजारी जाऊन बसले. मांडीवर नवं कोरं पुस्तक होतं.

"ऐक," ती म्हणाली आणि शेवटचं पान वाचून दाखवलं. ओर्वेन परत येते. दोघी बहिणी किनाऱ्यावर बसून सूप पितात. सूर्य उगवतो. समुद्राने जे जे बुडवलेलं तेही हळूहळू वर येतं.

"छान आहे की," मी म्हटलं.

"छान?" ती ओरडलीच. "सूप पितात! चार भाग ती ओर्वेन पलीकडे मिठाने आतून खंगत गेली आणि आता सूप पिते! ऐला, हेच मागत होते मी. शब्दन् शब्द हेच. आणि यात काही म्हणजे काहीच नाही."

"मग तो पहिला शेवट?"

तिने पुस्तक मिटलं. "तू बघितलं होतंस ना मला धक्क्यावर," ती म्हणाली.

"बघितलं होतं."

"मग कशाला विचारतेस?"

तिच्यापुढे सोपी वाट होती. चुकून जुन्या प्रतीवर लिहिलं, माफ करा, छापलेला शेवट सुंदर आहे, एवढं लिहिलं असतं तर लोकांनी माफ केलं असतं. बर्टनीही केलं असतं. त्यांना तो शेवट आवडला होता. ओरेस्ट तेच म्हणाला. मीही तेच म्हटलं. तिने ऐकलं नाही. तिने लिहिलं, थोडक्यातच: 'जो शेवट मी कचरा म्हटला तो या मालिकेतला सर्वांत चांगला भाग होता. मी त्याला कचरा म्हटलं कारण तो माझ्याआधी दुसरीला मिळाला. छापलेला शेवट मला हवा होता तसाच आहे आणि तो वाईट आहे. पहिला शेवट तुम्हाला दाखवायला माझ्याकडे नाही, ती प्रत माझी नव्हतीच. माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायला आता मला तोंडही नाही.'

लोकांनी तिला फाडून खाल्लं. हेवेखोर म्हातारी काही केल्या खूश होत नाही, असं म्हणाले. कित्येक जण सोडून गेले. बर्टकडून काहीच आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि ती अजूनही सकाळी आल्यावर आधी तेच बघते.

केल्सीने तो लेख दवाखान्यात, हातमोजे घालून उभ्या उभ्या वाचला. मला वाटलं आता भांडण होणार. ती काउंटरपाशी आली.

"मर्ना, तो पहिला शेवट वाचून मी घरी जेवले नव्हते," ती म्हणाली. "नुसती रडत होते. कॅमेरा नव्हता तेव्हा."

"मग बदला म्हणून कशाला लिहिलंस?"

"म्हणूनच लिहिलं. सहन होईना."

मर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक खोकं आल्यापासून पहिल्यांदाच. मग पेशंटच्या वेळांच्या स्क्रीनकडे वळून काहीतरी खोडल्यासारखं केलं.

"मीही लिहिलं असतं," ती म्हणाली. "मला आली असती प्रत, तर तुझ्या आधी मी लिहिलं असतं. पाच पानं. मीच वाट लावली असती त्याची."

"मग बरंच झालं की, तुला नाही आली ते," मी मधेच बोलले.

"बरं कसलं डोंबलाचं!" मर्ना माझ्यावर खेकसली. डोळे भरले होते तिचे. "मलाच यायला हवी होती."