पितळी बूट आणि आमचा खांब

माझा धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः मात्र जिन्याने जातो. का, असं विचारलं तर म्हणतो, "वहिनी, आत काय काय असतं ते मला माहीत आहे." वय बेचाळीस, उंच, रुंद, बोलणं बेताचं. मैदानावर त्याला खांब म्हणतात. ते कौतुक नव्हे, वर्णन आहे. समोरच्या संघाच्या गोलपुढे तो जाऊन उभा राहतो आणि शिट्टी होईपर्यंत उभाच असतो. बाकीचे दहाजण घाम गाळतात, मग चेंडू कुठूनतरी येतो, याच्या डोक्याला, खांद्याला, एकदा तर पाठीला लागतो, आणि आत जातो. लोक म्हणतात नशीब. सोळा वर्षं नशीब नेमकं त्याच जागी येत असेल, तर त्याला अक्कल म्हणावं असं माझं मत आहे. पण माझं विचारतो कोण?

आमच्याकडे कामगारांची फुटबॉल लीग आहे. लिफ्टवाले, छापखानेवाले, इस्पितळाच्या धुलाईखान्याचे लोक, शाळामास्तर, असे आठ संघ. मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला लाकडी पाटावर ठोकलेला एक पितळी बूट देतात. इतका कुरूप, की मला दिला तर दार आपटू नये म्हणून मी तो फटीत लावीन. माझ्या दिराचा मात्र त्याच्यावर जीव जडलेला. सहा वर्षं तो दुसरा आला. एकदा ऐन मोसमात कावीळ झाली. एकदा मुलगी झाली, तेव्हा मध्यंतरातच बुटांसकट धावत गेला. त्याला धावताना लोकांनी पाहिला तो तेवढाच. उरलेल्या चारही वेळा कुणीतरी शेवटच्या आठवड्यात एक गोल जास्त करून गेलं. यंदा डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, हे शेवटचं वर्ष.

शेवटच्या सामन्याआधी खांबाचे गोल अठरा, आणि शाळेच्या संघातल्या भूगोलाच्या मास्तरांचेही अठरा. मास्तरांचे सामने संपले होते. बरोबरी झाली तर कमी सामने खेळलेल्याला बूट, असा नियम. मास्तर मोसमाच्या मध्यात आलेले, म्हणजे बूट त्यांचाच. खांबाला एक गोल हवा होता, फक्त एक. आणि सामना होता धुलाईखान्याशी, ज्यांचा गोलकीपर माझ्या जावेचा सख्खा भाऊ, म्हणजे खांबाचाच मेहुणा!

हा भला माणूस. दिवसभर ओल्या चादरी झेलतो, त्यामुळे हात पक्के. उणीव एकच. उजवा खांदा एकदा निखळला होता, तेव्हापासून चेंडू कुठेही असो, हा डावीकडेच पडतो. धुलाईखाना लीगमध्ये शेवटचा का, याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

आता माझी कबुली. मी तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. खांब पेनल्टी नेहमी गोलकीपरच्या डाव्या हाताला मारतो. मेहुणा नेहमी डावीकडे पडतो. तेव्हा मेहुणा उजवीकडे पडला की गोल. यात कुणाला खोट काढता येत असेल तर काढावी. आदल्या दिवशी मी मेहुण्याला चहाला बोलावलं.

"उद्या पेनल्टी आलीच, तर उजवीकडे पडशील?"

"ताई, माझा खांदा!"

"खांदा पुन्हा बसवता येतो. तुझ्या भाऊजींचा गुडघा नाही बसवता येत."

"म्हणजे गोल सोडून देऊ?"

"सोडायचा कशाला? मन लावून चुकीच्या बाजूला पड."

तो बिस्किट बुडवत बसला. बिस्किट तुटून कपात गेलं तरी त्याला पत्ता नाही. "ही बेइमानी नाही ना?"

"आहे," मी म्हटलं. "लहानशी."

जावेला सांगितलं नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिराला सांगितलं असतं तर तो सामन्यालाच गेला नसता.

सामना कंटाळवाणा झाला. पाच मिनिटं उरली तरी गोल नाही. मग धुलाईखान्याच्या एकाने खांबाला जोरात धक्का दिला. खांब तसूभर हलला नाही, धक्का देणाराच आडवा झाला, पण रेफरीने धक्का पाहिला होता. पेनल्टी! माझ्या शेजारी जाऊबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडीचा वळ उठला.

माझ्या तर्कात एक गोष्ट राहून गेली होती. खांबालाही डोकं आहे. मेहुणा डावीकडे पडतो हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा पेनल्टी उजवीकडे मारली, आणि मेहुणा, दिल्या शब्दाला जागून, उजवीकडेच झेपावला.

चेंडू थेट पोटाशी. मेहुणा उठून बसला आणि मांडीवर कुणी परक्याचं मूल ठेवावं तसा चेंडूकडे बघत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते. त्याच्या चेहऱ्यावर रडू. तो उभा राहिला, एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे (गाढव कुठला!) आणि चेंडू छातीशी धरून मागे दोन पावलं गेला. रेषेच्या आत. शिट्टी झाली. गोल!

गोल खरा, पण कुणाचा? लीगचे चिटणीस, निवृत्त पोस्टमास्तर, वही घेऊन मैदानात आले. आम्हीही मागोमाग.

"मारला कुणी? खांबाने. मग त्याचाच," जाऊबाई म्हणाल्या.

"वहिनी, चेंडू अडला होता," सामना बघायला आलेले भूगोलाचे मास्तर म्हणाले. "नंतर आत नेला तो यांनी."

"नेला नाही!" मेहुणा ओरडला. "भाऊजींचा शॉटच एवढा जबरदस्त की मी मागे ढकलला गेलो."

"बसलेला माणूस उठून मग ढकलला गेला?" मास्तरांनी विचारलं.

चिटणीसांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माझ्या आणि गोलच्या मध्ये लोक होते, मला दिसलं नाही. शॉटच्या जोराने आत गेला असेल तर गोल खांबाचा. हातात थांबला असेल तर गोलकीपरचा स्वयंगोल. खांबा, तू सर्वांत जवळ होतास. तू म्हणशील ते लिहितो."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. जाऊबाईंनी डोळे वटारले. सहा वर्षं, एक गुडघा आणि तो कुरूप बूट, सगळं त्याच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. मी तर मनातल्या मनात "खोटं बोल, मेल्या" म्हणत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"थांबला होता," खांब म्हणाला.

"अहो भाऊजी, ढकललं तुम्ही मला!"

"गप्प बस. माझ्या शॉटने मांजर ढकललं जात नाही." मग चिटणीसांकडे वळून म्हणाला, "लिहा. छान धरला त्याने. दहा वर्षांत असा धरला नव्हता."

सामना लिफ्टवाल्यांनी जिंकला, बूट मास्तर घेऊन गेले. मास्तर बूट घेताना फार ओशाळले होते, तेवढं समाधान. जाऊबाई भावाशी बोलेनात आणि नवऱ्याशीही बोलेनात, म्हणून घरी जाताना त्या चार पावलं पुढे, मेहुणा चार पावलं मागे, आणि मध्ये लंगडणारा खांब आणि मी.

"वाईट वाटतंय का रे?" मी विचारलं.

"वाटतंय की." थोडं चालून तो म्हणाला, "तो उजवीकडे पडला ना, तेव्हाच मला कळलं."

"काय कळलं?"

"त्याच्या डोक्यात एवढं येत नाही. हे कॉलेजातलं काम आहे."

मी रस्त्याकडे बघत चालत राहिले.

"वहिनी," तो म्हणाला, "पुन्हा कधी त्याला काही सांगाल, तर मलाही सांगत जा."